शिस्तीने खेळलेला जुगार हा जुगार नव्हे काय?

जुगार वाईट, हे आपल्या वस्तीत कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ साली रतन खत्री यांनी मुंबईत मटक्याचा धंदा उभा केला. त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या उघडत्या आणि बंद भावावर असे आकडे लागत. त्या परक्या बाजाराचा ना गिरणी कामगाराशी संबंध, ना त्याच्या मुलाबाळांशी. तरीही त्या आकड्यांवर किती घरांतली पगाराची पाकिटे वाटेतच रिकामी झाली, हे त्या घरांतल्या बायांना विचारावे. त्यांना जुगारावर प्रवचन नको असते.

परंतु आज आपल्या शिकलेल्या मुलांपुढे उभा असलेला प्रश्न मटक्याचा नाही. तो असा आहे. एक मनुष्य नशिबावर मुळीच विसंबत नाही. तो खेळाडूंच्या कामगिरीचे आकडे गोळा करतो, संगणकावर गणित मांडतो, संभाव्यता काढतो. ठरवलेल्या रकमेपलीकडे तो एक पैसा लावीत नाही. हरला तर चिडत नाही, जिंकला तर हुरळत नाही. प्रत्येक पैजेची वहीत नोंद ठेवतो. अशा माणसास जुगारी म्हणावयाचे काय? की तो अभ्यासाच्या बळावर चार पैसे मिळविणारा एक व्यावसायिक म्हणावयाचा?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बुद्धीच्या कसोटीवर उतरेल तेच घ्यावे, असे आपण म्हणतो. मग 'जुगार म्हणजे पाप' एवढे म्हणून मुलाला गप्प बसविण्याचा अधिकार आपणास नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडले पाहिजे. मग उत्तर दिले पाहिजे.

गणित काय सांगते?

या पैजेचे मोठे क्षेत्र आज अमेरिका आहे. तेथे १९९२ च्या एका कायद्याने बहुतेक राज्यांना खेळांवरील पैजांना परवानगी देण्यास बंदी होती. १४ मे २०१८ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला आणि त्यानंतर तीसहून अधिक राज्यांनी दारे उघडली. कोणता संघ जिंकणार एवढ्यावरच तेथे पैज लागत नाही. एकट्या खेळाडूच्या कामगिरीवर लागते. तिला तिकडे 'प्लेअर प्रॉप' म्हणतात. बास्केटबॉलच्या सामन्यात अमुक खेळाडू, जाळीत न पडता परत उसळलेले चेंडू, म्हणजे रिबाउंड, साडेसहापेक्षा जास्त पकडील की कमी? अर्धा चेंडू कोणी पकडीत नाही, म्हणून बरोबरीला जागाच राहत नाही. एक बाजू घ्यावीच लागते.

आता अभ्यासू पैजदार काय करतो ते पाहू. हा खेळाडू मिनिटाला सरासरी ०.२ रिबाउंड घेतो, असे जुन्या सामन्यांवरून दिसते. आज तो ३१ मिनिटे खेळेल असा अंदाज आहे. ३१ गुणिले ०.२ म्हणजे ६.२. ही झाली अपेक्षित सरासरी. फ्रेंच गणिती प्वासाँ याच्या नावाने ओळखले जाणारे एक सूत्र आहे. सरासरी माहीत असली की ० वेळा, १ वेळ, २ वेळा असे घडण्याची शक्यता त्यावरून काढता येते. ते येथे लावले तर सहा किंवा त्याहून कमी रिबाउंड होण्याची शक्यता सुमारे ५७.४ टक्के येते.

कंपनीचा भाव बहुधा असा असतो : ११० डॉलर लावा, जिंकल्यास १०० डॉलर नफा मिळेल. या भावात नफा-तोटा सारखा राहण्यासाठी शंभरातल्या सुमारे ५२.४ पैजा जिंकाव्या लागतात. आपल्या पैजदाराच्या हिशेबाने शक्यता ५७.४ आहे, म्हणजे पाच टक्क्यांचा फायदा. किती रक्कम लावावी, याचेही सूत्र आहे. बेल प्रयोगशाळेतील जॉन केली या शास्त्रज्ञाने ते १९५६ साली मांडले. त्याप्रमाणे येथे भांडवलाच्या सुमारे १०.५ टक्के रक्कम लावावी असे उत्तर येते. सावध लोक त्याच्या निम्मी किंवा चौथाईच लावतात.

यात अंधश्रद्धा कोठेही नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करू या. मटक्याचे जुने चार्ट पाहून उद्याचा आकडा काढणारा मनुष्य स्वतःला फसवीत होता, कारण कालच्या आकड्यात उद्याच्या आकड्याची काहीच माहिती नसते. खेळाडूच्या मागच्या कामगिरीत मात्र माहिती असते. शिवाय नोंद ठेवणे, रागाच्या भरात रक्कम न वाढविणे, आपल्या अंदाजाची वारंवार परीक्षा घेणे, हे गुणच आहेत. आपल्या पोरांनी ते शिकावेत असे कोणता शिक्षक म्हणणार नाही?

गणित काय सांगत नाही?

पण गणिताचा आधार घेतला तर ते शेवटपर्यंत ऐकले पाहिजे.

पहिली गोष्ट. एकाने 'जास्त'वर ११० डॉलर लावले, दुसऱ्याने 'कमी'वर ११०. कंपनीच्या पेटीत २२० आले. जिंकणाऱ्याला त्याचे ११० आणि वर १०० मिळून २१० गेले. दहा डॉलर कंपनीकडे राहिले. सामन्यात काहीही होवो, ते दहा राहणारच. म्हणजे पैज लावणाऱ्यांचा समुदाय एकूण धरला तर तो हरण्यासाठीच बसलेला आहे. एखादा जिंकेल, सगळे मिळून कधीच जिंकणार नाहीत.

दुसरी गोष्ट. त्या खेळाडूला प्रशिक्षकाने ३१ ऐवजी ३३ मिनिटे खेळविले तर? सरासरी ६.६ होते आणि 'कमी'ची शक्यता ५७.४ वरून ५१.१ टक्क्यांवर येते. नफ्यासाठी लागणारी ५२.४ ची रेषा ओलांडून ती खाली गेली. दोन मिनिटांच्या फरकाने सगळा फायदा नाहीसा झाला! आणि ती दोन मिनिटे ठरविणारा मनुष्य आपल्या संगणकात बसलेला नसतो.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. समजा, हजार माणसांनी काहीही अभ्यास न करता, नाणे उडवून, प्रत्येकी शंभर पैजा लावल्या. निव्वळ योगायोगाने त्यांतील सुमारे २८ जण साठ किंवा अधिक पैजा जिंकतील. या अठ्ठावीस जणांना वाटेल की आपणास विद्या प्राप्त झाली. शेजारीही तसेच म्हणतील. उरलेले नऊशे बहात्तर कोणाला काही सांगणार नाहीत. खरोखर ५५ टक्के जिंकण्याचे कौशल्य असलेला मनुष्य आणि ५२.४ टक्क्यांवर रेंगाळणारा मनुष्य यांतला भेद थोड्या खात्रीने सांगावयाचा तर सुमारे पंधराशे पैजांची नोंद लागते. तोवर घरातली किती रक्कम या परीक्षेची फी म्हणून जाईल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आणि चौथी. इतके करूनही जो सातत्याने जिंकतो त्याची रक्कम कंपन्या कमी करतात. त्याला मोठी पैज लावू देत नाहीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या जुगार आयोगाने २०२४ साली या प्रथेवर उघड चर्चा घेतली. हरणाऱ्याला दार उघडे आणि जिंकणाऱ्याला अर्धे बंद, अशी ही बाजारपेठ आहे.

तरीही तो जिंकला तर?

एवढ्याने आमचा प्रश्न सुटला, असे मी म्हणणार नाही. कारण 'जुगार वाईट, कारण त्यात पैसे जातात' हे नीतीचे उत्तर नव्हे. हे व्यवहाराचे उत्तर झाले. उद्या कोणी खरोखरच जिंकू लागला तर या उत्तराला उत्तर उरत नाही. काही थोडे लोक जिंकतातही. मग त्यांचे जिंकणे योग्य काय?

येथे दोन परंपरांची दोन उत्तरे आपल्यापुढे आहेत. महाभारतात नल राजाची कथा येते. नल द्यूतात राज्य हरतो. पुढे ऋतुपर्ण राजा त्याला एका झाडाची पाने आणि फळे नजरेने मोजून दाखवितो आणि फाशांचे रहस्य शिकवितो. थोड्यावरून पुष्कळाचा अंदाज बांधण्याची ही विद्याच होती, म्हणजे आजच्या संख्याशास्त्राची आजी! ती शिकून नल पुन्हा द्यूत खेळतो, जिंकतो आणि राज्य परत मिळवितो. या कथेचे तात्पर्य काय? द्यूतात दोष नाही; दोष न शिकता खेळण्यात आहे.

भगवान बुद्धांनी राजगृहाच्या सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला जो उपदेश केला त्यात जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते. हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो. असलेली संपत्ती नष्ट होते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र आणि सहकारी त्याला तुच्छ मानतात. आणि सोयरीक करताना लोक त्याला टाळतात, कारण जुगारी संसार चालवू शकणार नाही असे त्यांना वाटते.

या सहांचा क्रम पाहा. यादीची सुरुवात हरणाऱ्यापासून होत नाही, जिंकणाऱ्यापासून होते! तथागतांनी सिगालाला 'नीट शिकून खेळ' असे सांगितले नाही. जिंकला तरी दोष राहतो, हे त्यांनी आरंभीच सांगून टाकले. आमच्या संगणकवाल्या पैजदाराला दिलेले उत्तर ते हेच.

जिंकलेला पैसा कोणाचा?

हा दोष कोणता? जिंकलेला पैसा कोठून आला, हे विचारले की तो दिसतो. शेतकऱ्याने ज्वारी पिकविली तर जगात ज्वारीची भर पडली. शिंप्याने सदरा शिवला, सुईणीने बाळंतपण केले, शिक्षकाने मुलाला भागाकार शिकविला. प्रत्येकाने काही दिले आणि काही घेतले. पैजेत जो जिंकतो त्याने जगात कशाची भर घातली? एकाच्या खिशातला पैसा दुसऱ्याच्या खिशात गेला आणि मध्ये कंपनीने आपला हिस्सा काढला. एवढेच.

आणि तो पहिला खिसा कोणाचा? शिस्तीने खेळणाऱ्याचा नव्हे. शिस्तीने खेळणारा मनुष्य चुकीच्या भावाच्या शोधात असतो. कंपनीचा भाव चुकला तरी ती रक्कम आपल्या गाठीची देत नाही. इतर हजारो हरणाऱ्यांच्या पैशातून देते. जो दारू पिऊन पैज लावतो, जो कर्ज फेडण्यासाठी लावतो, जो गेलेले परत मिळविण्यासाठी रात्री दोन वाजता लावतो, त्याचा तो पैसा. सगळेच शिस्तीने खेळू लागले तर हा धंदा एका दिवसात बंद पडेल. म्हणजे एकाची शिस्त दुसऱ्याच्या बेशिस्तीवर पोसली जाते. अशा शिस्तीला शील कसे म्हणावे?

कोणी म्हणेल, हरणारा स्वखुशीने आला होता. खरे आहे. गुत्त्यावर येणाराही स्वखुशीनेच येतो. उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार बुद्धांनी सांगितले : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. पैजेचे नाव या यादीत नाही, हे खरे. परंतु यादी पाठ करणे आणि तिचे कारण समजून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याच्या हानीवर आपला निर्वाह उभा करू नये, हे ते कारण आहे. मद्य विकणाऱ्यालाही गिऱ्हाईक आपण होऊन भेटते. तरी तो व्यापार वर्ज्यच ठरला.

मग शेअर बाजार आणि विमा यांचे काय, असाही प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. विमा घेणाऱ्याच्या घरावर मृत्यूची, आगीची आपत्ती मुळातच असते. विमा तिचा भार अनेकांत वाटून देतो. नव्या भागभांडवलातून कारखाना उभा राहू शकतो, त्यात काम निघते. पैजेत मात्र जो धोका नव्हता तो मुद्दाम निर्माण केला जातो. त्या खेळाडूने सहा चेंडू पकडले काय आणि सात पकडले काय, आपल्या घराचे काही बिघडत नव्हते. पैज लावली आणि बिघडू लागले! शेअर बाजारातही जो केवळ भावाच्या चढउतारावर आकडा लावावा तसे पैसे लावतो, त्याला हाच न्याय लागू आहे.

माणूस की आकडा?

खेळाडूवरच्या पैजेत आणखी एक दोष आहे. संघ हरविण्यासाठी अनेकांना फितवावे लागते. एका माणसाचा आकडा खाली आणण्यासाठी एकच मनुष्य पुरतो. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत पाकिस्तानच्या गोलंदाजांनी ठरवून नो-बॉल टाकले. सामन्याच्या निकालाशी त्या चेंडूंचा फारसा संबंध नव्हता. तरी २०११ साली तिघा खेळाडूंना लंडनमध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. अमेरिकेतील बास्केटबॉल संघटना एनबीएने १७ एप्रिल २०२४ रोजी टोरांटो संघाचा खेळाडू जॉन्टे पोर्टर याच्यावर आजन्म बंदी घातली. २० मार्च २०२४ च्या सामन्यातून तो आजारपण सांगून लवकर बाहेर पडला होता. त्याचे आकडे कमीच राहतील अशी ८० हजार डॉलरची पैज त्या दिवशी लागली होती. तिच्यावर अकरा लाख डॉलर मिळणार होते. पुढे न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. हे त्याने का केले? जुगारात झालेले कर्ज फेडण्यासाठी! दुसरे लोक ज्याच्यावर पैज लावीत होते तो खेळाडू स्वतःच पैजेच्या चिखलात गळ्यापर्यंत रुतला होता.

महाविद्यालयीन खेळाडूंना पैज हरलेले लोक धमक्या देऊ लागले. तेथील एनसीएए या संघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी मार्च २०२४ मध्ये, विद्यार्थी-खेळाडूंवरील अशा वैयक्तिक पैजा बंद करा, अशी मागणी केली. ओहायो, मेरीलँड, व्हरमाँट आणि लुइझियाना या राज्यांनी त्याच वर्षी त्या बंद केल्या. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एक चेंडू कमी पकडला म्हणून त्याला शिव्याशाप यावेत, ही त्या 'अभ्यासपूर्ण' बाजाराची दुसरी बाजू आहे.

माणसाला माणूस म्हणून न पाहता उपयोगापुरते मोजणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? आपल्या बापजाद्यांचे हात तेवढे गावाला हवे होते. माणूस नको होता. त्याच दृष्टीने आपण दुसऱ्या कोणाकडे पाहू लागलो तर आपण शिकून मिळविले काय?

स्थितप्रज्ञ की निगरगट्ट?

शिस्तीने खेळणारा म्हणेल : मी तर शांत असतो, लाभ-हानी मला सारखी. ही तुमची उपेक्षाच नव्हे काय?

नव्हे. धम्मातली उपेक्षा एकटी येत नाही. मैत्री, करुणा आणि मुदिता यांच्या सोबतीने ती येते. दुसऱ्याच्या यशाने आनंद होणे म्हणजे मुदिता. ज्याने खेळाडूच्या 'कमी'वर पैसे लावले तो सामना पाहताना मनात काय इच्छितो? त्याचा हात निसटावा, त्याचा पाय मुरगळावा, प्रशिक्षकाने त्याला बाहेर बसवावे. चेहरा शांत असेल. इच्छा मात्र दुसऱ्याच्या अपयशाची आहे. घरफोड्याही श्वास रोखून, एकाग्र चित्ताने कुलूप उघडतो. एकाग्रता आणि संयम ही साधने आहेत. ती कशासाठी वापरली यावर त्यांचे मोल ठरते. सम्यक हा शब्द मार्गाच्या प्रत्येक अंगामागे उगीच लावलेला नाही.

घराने काय करावे?

आपल्या देशात या संबंधीचा कायदाही लक्षात ठेवावा. पूर्वी 'हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा' असा वाद न्यायालयात चाले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळावयाचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो चालविण्यास व त्याची जाहिरात करण्यास या कायद्याने मनाई केली. खेळाडूंचे काल्पनिक संघ बांधून पैसे लावण्याचे जे खेळ घरोघरी मोबाइलवर आले होते ते त्यानंतर कंपन्यांना बंद करावे लागले. या कायद्याला न्यायालयात आव्हानही दिले गेले. परंतु कायदा आज असेल, उद्या बदलेल. आपल्या घरातला निर्णय त्याच्यावर सोडता येत नाही.

मुलगा हुशार असेल, आकड्यांत रमत असेल, तर त्याची वही फाडू नका. त्याच्याजवळ बसा आणि तीनच प्रश्न विचारा. या कमाईमुळे कोणाचे भले झाले? जो हरला त्याच्या घरी आज काय शिजले असेल? आणि ही कमाई कशी केली, हे तू विहारात दहा लोकांपुढे उभा राहून सांगशील काय? या प्रश्नांना तो मोकळेपणाने उत्तर देऊ शकला तर त्याचे म्हणणे आपण ऐकू. देऊ शकला नाही तर त्याला दुसऱ्या प्रवचनाची गरज उरणार नाही.

आणि त्याच्या विद्येला काम द्या. बोर्टकीविच नावाच्या अभ्यासकाने १८९८ साली प्वासाँचे तेच सूत्र प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांच्या नोंदींना लावून दाखविले. क्वचित घडणाऱ्या अपघातांचाही हिशेब मांडता येतो, हे त्यातून लोकांना उमगले. प्राथमिक आरोग्य केंद्रात एका रात्री किती बाळंतपणे येऊ शकतील आणि किती खाटा तयार ठेवाव्यात? वस्तीला उन्हाळ्यात किती टँकर लागतील? शाळेतील कोणत्या मुली पुढच्या वर्षी गळण्याचा संभव आहे? या प्रश्नांनाही तेच गणित लागते. ते मांडणारी माणसे मात्र आपल्या वस्तीत थोडी आहेत.

ज्या पिढीला पाटीला हात लावू दिला नाही तिच्या पोटी संभाव्यतेचे गणित सोडविणारी पिढी जन्मली, ही थोडी गोष्ट नव्हे. ही विद्या आईबापांनी उपाशी राहून मिळवून दिली आहे. ती दुसऱ्या एखाद्या आईच्या घरातला शेवटचा रुपया काढून आणण्यासाठी वापरावयाची, की त्या घरातली मुलगी शाळेत टिकविण्यासाठी, हे ठरविणे प्रत्येक सुशिक्षित तरुणाच्या हाती आहे. संगणक शक्यता सांगेल. योग्य काय ते तो सांगणार नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागेल.